जहेजमध्ये आलेला नाच

आंदण म्हटलं की आपल्यासमोर काय येतं? तांब्यापितळेची भांडी, कपाट, पलंग, अलीकडे फ्रिज आणि मोटारसायकल. जुन्या काळी गाय-वासरू. ६ जानेवारी १८८० रोजी बडोद्यात एक लग्न झालं, त्याच्या आंदणात नाच आला होता. नाच म्हणजे नाचणाऱ्या बाया, त्यांना शिकवणारे गुरू आणि वाजवणारे साथीदार. आख्खा ताफा. (‘ताफा’ हा मराठीने अरबीतून घेतलेला शब्द आहे. पुढे असे बरेच शब्द भेटतील, प्रत्येक वेळी थांबत नाही.)

नवरा होता सयाजीराव गायकवाड तिसरे. तेव्हा वय सोळा. मालेगावजवळच्या कवळाण्याचा हा शेतकरी पोरगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला होता, आणि कारभार अजून त्याच्या हाती यायचा होता. नवरी तंजावरची, लक्ष्मीबाई मोहिते. वय पंधराच्या आसपास. सासरी तिचं नाव चिमणाबाई ठेवलं. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई म्हणून आपण जिचे फोटो पाहतो, पडदा सोडणारी, स्त्रियांच्या प्रश्नांवर पुस्तक लिहिणारी, ती ही नव्हे. ती दुसरी. ही पहिली चिमणाबाई १८८५ मध्येच वारली, पाच-सहा वर्षांच्या संसारानंतर. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा तिच्या माहेरच्या नावाचा आहे आणि तो पूर्ण झाला तेव्हा ती नव्हती.

तंजावर आणि बडोदा, मध्ये सगळा दख्खन. मग ही सोयरीक कशी? तर दोन्ही टोकांना मराठे होते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं आणि तिथे भोसल्यांचं राज्य पावणेदोनशे वर्षांहून जास्त टिकलं. कावेरीच्या काठी, तमिळ मुलखात, तेलुगू कवींच्या सहवासात आणि मोडीत दफ्तर लिहीत. याच घराण्यातल्या प्रतापसिंहाने नागोरच्या दर्ग्याला सर्वांत उंच मिनार बांधून दिला. नागोरला गेलात तर समुद्रावरून दिसणारा तो मिनार एका मराठा राजाचा आहे, हे लक्षात ठेवून बघा. १८५५ साली शेवटचा राजा शिवाजी मुलगा नसताना वारला, इंग्रजांनी गादी खालसा केली. राजवाड्यात राण्या उरल्या, ग्रंथालय उरलं आणि कलावंत उरले. आश्रयदाता मात्र उरला नाही. बडोद्याचे तेव्हाचे दिवाण सर टी. माधवराव स्वतः कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घरात वाढलेले. नवरी तंजावरहून यावी, हा मला नुसता योगायोग वाटत नाही.

तर त्या ताफ्यातल्या दोन नर्तकींची नावं आपल्यापर्यंत आली आहेत. गौरी आणि कांतिमती. फक्त नावं. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. देवदासींच्या घरात वंश आईकडून चालायचा, त्यामुळे बापाचं नाव हवंच असं नव्हतं. त्या तमिळ बोलत असणार. त्यांची गाणी बहुतेक तेलुगूत, ज्यांच्यासमोर नाचायचं ते राजे मराठी, आणि आता मुक्काम गुजरातेत.

इथे मी थोडा अडतो. आपण ज्याला दहेज म्हणतो तो शब्द ‘जहेज’वरून आला, आणि अरबीत त्याचा मूळ अर्थ सामानसुमान, सरंजाम. आपल्या शरियतमध्ये लग्नाची देणी नवऱ्याकडून नवरीला असते, ती मेहर. जहेज हा रिवाज आहे, फर्ज नव्हे, हे आपल्या मौलवींपासून सुधारकांपर्यंत सगळे सांगतात आणि तरी लग्नाच्या मांडवात कपाट येतंच. पण कपाट वेगळं आणि कांतिमती वेगळी. एका मुलीच्या लग्नात दुसऱ्या मुली सामानाच्या यादीत बसवल्या गेल्या. त्या काळच्या राजघराण्यांत यात कुणाला वावगं वाटत नव्हतं, हे मला कळतं. पालखीबरोबर भोई, हत्तीबरोबर माहूत, तशी नवरीबरोबर नर्तकी.

त्या काय नाचत होत्या, ते बघू. आज भरतनाट्यम म्हणतात ते नाव तेव्हा नव्हतं. या नाचाला सदिर म्हणत, आणि बरेच जाणकार हा शब्द आपल्या ‘सादर’शी जोडतात. दरबारात सादर करायचा तो सदिर. आजही शिकवतात तो क्रम, म्हणजे अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना, हा एकोणिसाव्या शतकात तंजावर दरबारातल्या चार भावांनी बसवला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. दुसरे सरफोजी आणि नंतरचे शिवाजी राजे हे त्यांचे धनी. वडिवेलूने तर गोऱ्यांचं व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजवायला हातभार लावला. तिल्लाना हा आपल्या तराण्याचा दाक्षिणात्य भाऊ. तराण्याचा जनक म्हणून उत्तरेत अमीर खुसरोचं नाव घेतलं जातं, ते परंपरेचं म्हणणं आहे. इतिहासाचं दप्तर वेगळं असतं. पण तराण्यातले बोल कावेरीकाठी जाऊन मृदंगावर नाचले, एवढं खरं.

सरफोजी राजांच्या नावावर मराठीतल्या नृत्यरचनाही आहेत. निरूपणं म्हणतात त्यांना. एका कथेवर सलग नाच बसवायचा, त्यात जयजय, शरणू, अलारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असं एकामागून एक येत शेवटी मंगळ. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने ते पुस्तक छापलं आहे, नाव ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’. आता हा ‘जिन्नस’ बघा. किराणा दुकानातला आपला जिन्नस, अरबी ‘जिन्स’. देवादिकांच्या लग्नकथा नाचात गुंफणाऱ्या पुस्तकाच्या नावात तो बिनधास्त बसलाय आणि राजाला त्यात काही परकं वाटलेलं नाही. मराठीतली नृत्यरचना महाराष्ट्राबाहेर जन्मली आणि महाराष्ट्रात ती फारसं कुणी नाचत नाही, याचं मला जास्त नवल वाटतं.

पण मला ज्याच्यासाठी हे सगळं लिहायचं होतं तो भाग म्हणजे शब्दम. या क्रमातली तिसरी रचना. जुन्या पद्धतीत कांबोजी रागात, सात मात्रांच्या डुलत्या तालात गायची. देवाची नाहीतर राजाची स्तुती, मध्ये बोलांचे तुकडे, आणि शेवटी नर्तकी वाकून राजाला वंदन करते. वंदनाचा शब्द काय? बऱ्याच जुन्या शब्दमच्या शेवटी तो ‘सलामु’ आहे. तेलुगू ओळीच्या टोकाला आपला सलाम. सलामदरू नावाचा एक वेगळा रचनाप्रकारच होता, दरबारात राजाला सलाम करण्यासाठी.

हे मला कळलं माझ्या भाचीमुळे. ती दहावीत आहे आणि पाच वर्षं भरतनाट्यम शिकते. डहाणू रोडहून लोकलने क्लासला जाते, येताना पायात घुंगरांचे वळ घेऊन येते. आपाने तिला पाठवलं तेव्हा घरात बरीच कुजबुज झाली. आपाच्या सासूबाई म्हणाल्या, “अपने में नाच नहीं होता, बेटा.” एका चुलत्याने तर हराम-हलालचा पाढाच लावला. आपा काही बोलली नाही, फक्त फी भरत राहिली. यंदा भाचीला क्लासमध्ये शब्दम लागला. त्यांच्या पाठात शेवटी संस्कृत नमस्कार आहे. इंटरनेटवर जुनं ध्वनिमुद्रण ऐकताना तिला ‘सलामु’ ऐकू आलं आणि ती धावत माझ्याकडे आली. “मामू, हे सलाम म्हणतायत का?”

हो बेटा, सलामच. मला त्या दिवशी किती आनंद झाला! लगेच वाटलं, आता जाऊन त्या चुलत्याला सांगावं, बघा, नाच आपल्यातला नाही म्हणता, नाचात सलाम आहे. आपल्याला अशा पुराव्यांची फार गरज पडते. कुठे दर्ग्याचा मिनार, कुठे एखादा शब्द, कुठे राजाचा मुसलमान उस्ताद. आम्ही इथलेच, हे सांगायला खिशात ठेवायची नाणी. मीही ती जमवत असतो.

पण सलाम कोण करतंय, हे बघितल्यावर ते नाणं हातात जड होतं. सलाम म्हणजे शांती, एकाने दुसऱ्याला बरोबरीने द्यायची दुआ. लहानाने मोठ्याला करावा, तसाच मोठ्याने लहानालाही. इथे तो एकाच दिशेने जातो. पाटावर बसवून, तोलून मापून ज्यांना लग्नात देऊन टाकलं, त्या दोघी ज्यांना देऊन टाकलं त्यांनाच सलाम करत आहेत. उलट सलाम येणार नाही. मुजरा म्हणा हवं तर. मग त्या शब्दावर मी माझा हक्क सांगायचा, तर गौरी-कांतिमतीच्या वाकलेल्या कंबरेसकट सांगायला हवा.

आणि लग्नापायी माणूस गहाण पडणं ही गोष्ट काही फक्त राजवाड्यातली नाही. ती आमच्या तलासरीची आहे.

माझे अब्बा बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. आमच्याकडे त्याला क्लारनेट म्हणतात. लग्नसराईत आशागड, सायवन, उधवा, झरी, तलासरीच्या पाड्यापाड्यांतून टेम्पो फिरायचा, आणि सुट्टी असली की मीही टपावर. वारली लग्नाला भटजी नसतो. धवलेरी असते, लग्न लावणारी बाई. सवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघाट देवी, आणि धवलेरी गात गात लग्न लावते. रात्रभर ढोलनाच. बँड हा नंतर शिरलेला पाहुणा. अब्बा म्हणायचे, वारल्याचं लग्न वाजवायला सोपं आणि अवघड, कारण ते नाचायला थांबतच नाहीत, तुझी फुंक संपते.

एकदा वरातीत नवऱ्यासमोर दोन दांडगी पोरं जीव तोडून नाचत होती. मला वाटलं भाऊ असतील. ते त्याचे मुलगे होते. पैसे नव्हते म्हणून लग्नाचा विधी राहून गेला, संसार चालू राहिला, पोरं झाली, मोठी झाली, आणि आता बापाचं लग्न लागत होतं. आमच्या तालुक्यांत हे ऐकून कुणी भुवया उंचावत नाही. आता सामूहिक लग्नांत अशी कितीतरी जोडपी एका मांडवात बसतात, कधी बाप आणि लेक दोघं एकाच दिवशी. मराठीत नवऱ्याला वरराजा म्हणतात, आपल्याकडे नौशा, म्हणजे नवा बादशाह. चाळिशीतला तो नौशा डोक्याला फेटा बांधून जरा लाजत होता, एवढं आठवतं.

लग्न पुढे ढकलायचं कारण नुसती गरिबी नव्हती. त्याच्या मागे भीती होती. वारल्यांत नवऱ्याकडून मुलीच्या बापाला देज द्यायची रीत. देज, दारू, जेवण यांचा खर्च सावकार द्यायचा. मग तो नवरा आणि त्याची नवी बायको सावकाराच्या वाडीवर राबायला जायची. पोटाला मिळायचं, हिशेब फिटायचा नाही. मेला तर कर्ज पोराच्या डोक्यावर. या माणसाला नाव होतं, लग्नगडी. लग्न करून घेतलेला गडी. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय. ते वाचून मी दोन रात्री नीट झोपलो नाही, कारण त्यातली गावं मी टेम्पोच्या टपावरून पाहिलेली होती. जमीनदारांत पारशी, इराणी, मारवाडी, गुजराती, ब्राह्मण होते आणि मुसलमानही होते. हेही लिहायला हवं. २३ मे १९४५ रोजी झरीला पाचेक हजार वारली जमले, लाल बावट्याखाली, आणि वेठ करायची नाही असं ठरवून उठले. त्या वर्षी लग्नगडी सावकारांच्या वाड्यांतून बाहेर पडले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली.

म्हणजे बडोद्याच्या राजवाड्यातल्या एका लग्नात नाचणाऱ्या बाया देणगी झाल्या, आणि त्याच रुळाच्या वाटेवर, डहाणूच्या जंगलात, लग्न करणारा स्वतःच देणगी होऊन जात होता. राजाचं लग्न आणि वारल्याचं लग्न यांत काहीच सारखं नाही असं वाटतं, पण दोन्हीकडे लग्नाच्या हिशेबात माणूस लिहिलेला आहे.

(आमच्या जिल्ह्याचा राजा म्हणजे जव्हारचे मुकणे. महादेव कोळ्यांचं घराणं, आणि नावापुढे शाह. नीमशाह, पतंगशाह, कृष्णशाह. चौदाव्या शतकात दिल्लीच्या सुलतानाने मान्यता दिल्यापासूनचा हा शाह, असं मानतात. कोळी राजा शाह होतो आणि मुसलमान नवरा नौशा होतो. शब्द कुठेही रोटी-बेटी व्यवहार करतात, माणसंच मोजत बसतात.)

युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या लग्नांतही त्याच काळात खास नाच लिहिले जात होते. प्रशियाच्या दरबारात ‘फाकेलटान्झ’ म्हणजे मशालनृत्य होतं. राजघराण्यातल्या लग्नाच्या रात्री दरबारातले मंत्री हातात जळत्या मशाली घेऊन नवरा-नवरीपुढे मिरवत चालायचे, संथ लयीत, पितळी वाद्यांच्या गजरात. जाकोमो मायरबेअरने असे चार नाच लिहिले, पहिला १८४२ च्या लग्नासाठी, शेवटचा १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नासाठी. मायरबेअर ज्यू होता आणि बर्लिनमध्ये त्याच्या धर्मावरून टोमणे मारणारे कमी नव्हते. तरी प्रत्येक रचनेवर त्याचं नाव आहे, साल आहे, कुणाच्या लग्नासाठी ते आहे. हे वाचताना मला आमच्या वराती आठवल्या. आमच्याकडे मशाल मंत्री धरत नाही. डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालतात त्या पाड्यावरच्या बाया, दोन रांगांत, पायात कधी चप्पल, कधी नाही. त्या उजेडात बाकीचे नाचतात. अब्बांना वाजवायच्या कागदावर उजेड लागायचा नाही, सगळं तोंडपाठ. पण एखादी बत्तीवाली बाई थकली की ते तिला “जरा टेकव गं बाय” म्हणायचे आणि धून तिथेच गोल फिरवत ठेवायचे. वरात आपोआप थांबायची.

अब्बांचं क्लॅरिनेट आणि तंजावरचा नाच यांचंही एक नातं निघालं. सरफोजी राजांनी दरबारात गोऱ्यांच्या पद्धतीचा बँड उभा केला होता, आणि एकोणिसाव्या शतकात क्लॅरिनेट सदिरच्या साथीलाच जाऊन बसलं. नर्तकीच्या मागे उभं राहून नट्टुवनार, म्हणजे नाचाचे गुरू, टाळ धरून बोल म्हणायचे आणि बाजूला मृदंगाबरोबर क्लॅरिनेट. अब्बा असते तर हे ऐकून त्यांनी आधी पट्टी विचारली असती.

तर बडोद्यात पुढे काय झालं? त्या ताफ्याला दरबारच्या कलावंत कारखान्यात जागा मिळाली. हे खातं सयाजीरावांच्या पद्धतीप्रमाणे नियमांत बांधलेलं होतं. हजेरी, रजा, पगार, सगळं कागदावर. काहींना ते जाचक वाटतं. गौरी-कांतिमतीच्या बाजूने पाहिलं तर जहेजच्या यादीतून पगारपत्रकावर येणं ही बढतीच होती. नाव लिहिलेलं, रक्कम लिहिलेली. महाराणी १८८५ मध्ये गेली, पण तिच्याबरोबर आलेल्या या बाया राहिल्या. धनीण नसताना परक्या मुलखात. महाराजांचे पाहुणे आले की तंजावरचा नाच दाखवला जायचा.

याच बडोद्यात १८८६ मध्ये गायनशाळा उघडली, तिचे पहिले प्रमुख उस्ताद मौलाबक्ष. हे मूळचे उत्तरेतले, पण म्हैसूरपर्यंत जाऊन कर्नाटक संगीत शिकलेले आणि तिथल्या दरबारात मान मिळवलेले. गाणं कागदावर उतरवायची स्वरलिपी त्यांनी बसवली. गाणं हे घराण्याच्या तिजोरीत कुलूप लावून ठेवायचं नाही, शाळेत उघड शिकवायचं, हा विचार त्या काळात धाडसाचा होता. सूफी इनायत खान हे त्यांचे नातू, आणि दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या हातून मारली गेलेली नूर इनायत खान ही पणती. पुढे याच दरबारात उस्ताद फैयाज खान आले. त्यांची कबर बडोद्यातच आहे. २००२ च्या दंगलीत तिच्यावरही हल्ला झाला. सलामु म्हणणाऱ्यांच्या शहरात.

मौलाबक्षांची शाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेली आणि तिथे नृत्य शिकवणाऱ्यांत एक मोठं नाव आहे कुबेरनाथ तंजोरकर. ते कांतिमतीच्या घरातले, तिच्या परंपरेचे वारस. आडनाव बघा. तमिळ देवदासीच्या घराने गुजरातेत राहून मराठी ‘कर’ लावला. आमच्यात चिपळूणकर, पावस्कर असतात तसाच. जिथून उचलून आणलं त्या गावाचं नाव स्वतःच्या नावाला जोडून टाकायचं, म्हणजे ते कुणी परत काढून घेऊ शकत नाही. जहेजमध्ये आलेल्या बाईच्या घरचा माणूस विद्यापीठात गुरुजी झाला, आणि ज्या घराण्यांच्या मुली एके काळी हा नाच फक्त पडद्याआडून बघत, त्या त्याच्याकडे पाय धरून शिकायला बसल्या. मला बडोद्याचा सगळ्यात मोठा राजवाडा हा वाटतो.

तिकडे मद्रासेत मात्र दुसरंच घडत होतं. १९३० च्या दशकात सदिरचं भरतनाट्यम झालं, देवळाचं पावित्र्य त्याला चढवलं गेलं आणि दरबार पुसला गेला. १९४७ च्या कायद्याने मद्रास प्रांतात मुली देवाला सोडणं बंद झालं, ते व्हायलाच हवं होतं. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी त्यासाठी आयुष्यभर झगडल्या, आणि त्या स्वतः देवदासी आईच्या पोटी जन्मल्या होत्या. पण त्याच झपाट्यात त्या घरांतल्या बायकांचा स्टेजही गेला. नाच चांगल्या घरांत पोचला, नाचणाऱ्या मागे राहिल्या. राजांची नावं रचनांमधून उतरली, त्यांच्या जागी देव बसले, आणि पुष्कळ ठिकाणी ‘सलामु’चं ‘नमोस्तुते’ झालं. कुणी त्यात मुसलमान शब्द काढायचा म्हणून काढला असेल, कुणी राजापुढची लाचारी नको म्हणून. दुसऱ्या कारणाशी माझं भांडण नाही. पण राजाला देवाने बदललं म्हणून वाकणारी बाई मोकळी होत नाही.

भाचीने क्लासमध्ये बाईंना विचारलं, शेवटी सलामु घेऊ का? बाई पाच मिनिटं गप्प राहिल्या म्हणे. मग म्हणाल्या, माझ्या गुरूंच्या गुरू घ्यायच्या, मीच सोडलं होतं, घे. आपाच्या सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी पोरीला समोर बसवून विचारलं की सलाम कसा करतेस, दाखव. तिने नाचातला दाखवला, कंबरेत वाकून, उजवा हात कपाळाशी, नजर खाली. म्हातारीने तिचा हात धरून सरळ केला. “ऐसे नहीं झुकते. सलाम आँख मिला के करते हैं.”

आता पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात ती वाकून करणार की बघून, यावर बाई आणि सासूबाई यांच्यात फोनवर बोलणं चालू आहे. तिकिटं नाहीत, डहाणूकरांनी सरळ यावं. क्लॅरिनेटची सोय मी बघतोय.